रकान्याबाहेरचा आजार

दवाखान्यातले सगळेच तिला आत्या म्हणत, शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत. खरं तर ती आत्या होती एकाच मुलीची, चिमीची. चिमी तिच्या थोरल्या भावाची मुलगी. शाळा सुटली की पोर थेट दवाखान्यात यायची, आत्या जिथे रक्त तपासायची त्या खोलीबाहेर बाकावर दप्तर टाकायची आणि दर दहा मिनिटांनी आत हाक मारायची, "आत्याऽ, भूक लागली!" ती हाक ऐकून ऐकून लोकांच्या तोंडी तेच नाव बसलं. खरं नाव हजेरीपटावर राहिलं ते तिथेच.

आत्याचा हात हलका. रडकं मूल असो की सुई पाहून घेरी येणारा दांडगा गडी, सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली ते कळायचं नाही. "झालं?" असं माणूस विचारायचा, तोवर ती बाटलीवर नंबर लिहीत असायची. पण तिला अभिमान होता तो हाताचा नव्हे, डोळ्याचा.

तो डोळा तिला दिला भिंगवाल्या डॉक्टरांनी. नऊ नंबरची खोली त्यांची. गुप्तरोगांचा विभाग, पण दारावर पाटी नव्हती, आणि शेजारची दहा नंबरची खोली दातांची होती. त्यामुळे नऊ नंबरला येणारा प्रत्येक पुरुष गाल धरूनच यायचा. डॉक्टर खिशातलं भिंग पुसत म्हणायचे, "या गावात जितक्या दाढा दुखतात ना, तितक्या दाढा गावात नाहीत." आणि मग गाल धरलेल्या माणसाला हाताला धरून आत न्यायचे, दार लावायचे, आणि त्याला एका शब्दानं लाजवायचे नाहीत.

त्यांनी आत्याला गरमीची तपासणी शिकवली. पुस्तकात तिला सिफिलिस म्हणतात. पांढऱ्या कार्डावर छापलेले गोल असतात. एका गोलात रक्तावर तरंगणाऱ्या पिवळट पाण्याचा एक थेंब, त्यावर फ्रिजमधल्या छोट्या बाटलीतल्या काळसर औषधाचा एक थेंब, आणि कार्ड फिरत्या तबकडीवर आठ मिनिटं. मग उजेडाशी धरून बघायचं. सगळं एकसारखं राखाडी दिसलं तर माणूस सुटला. रव्यासारखे काळे कण जमलेले दिसले तर गरमी.

"हा रोग लबाड आहे," डॉक्टर सांगायचे. "जखम होते, पण दुखत नाही. आपली आपण भरून येते. माणसाला वाटतं, सुंठीवाचून खोकला गेला. गेलेला नसतो, आत जाऊन बसलेला असतो. आणि बाईच्या पोटात मूल असलं की त्याच्यापर्यंत पोचतो. वेळेवर कळलं तर एका इंजेक्शनात मूल वाचतं. पण कळायला हवं ना? कळवणारी तू."

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचं कार्ड तेव्हा तबकडीवर फिरायचं. वर्षाकाठी पंधरा-वीस कार्डांवर कण दिसायचे. त्या बायकांना इंजेक्शन मिळायचं, नवऱ्यांना निरोप जायचा, तेही दाढ धरून यायचे. पुढे त्यातली एखादी बाई अंगापिंडानं भरलेलं मूल कडेवर घेऊन बाजारात भेटली, की आत्या त्या मुलाकडे जरा जास्त वेळ बघायची. बाईला वाटायचं, मूल आवडलं असेल.

मग एचआयव्ही आला. तो आला तेव्हा त्याला औषध नव्हतं.

आत्याचा भाऊ छापखान्यात कामाला होता. चांगला उंचापुरा माणूस. आठ महिन्यांत त्याचा सांगाडा झाला. शेजाऱ्यांनी आधी येणं कमी केलं, मग बघणं. तो गेला आणि चार महिन्यांनी वहिनी गेली. चिमी तेव्हा सहा वर्षांची होती आणि आत्या छत्तीसची. चिमीचं रक्त आत्यानंच काढलं. सुई दोनदा टोचावी लागली ती सगळ्या नोकरीत तेवढी एकदाच. रिपोर्ट निगेटिव्ह आला, आणि तो शब्द आत्यानं देवाचं नाव घ्यावं तसा मनातल्या मनात कितीतरी वेळा घेतला. लग्नाचा विचार तिनं त्या दिवशी गुंडाळून ठेवला तो पुन्हा उलगडलाच नाही.

म्हणून, एचआयव्ही रोखण्याचा मोठा कार्यक्रम दवाखान्यात आला तेव्हा सगळ्यात आधी नाव दिलं ते आत्यानं. कार्यक्रम म्हणजे थाटच होता. पुढच्या अंगाला काचेचं दार बसलं, थंड हवेचं यंत्र लागलं, लोकांशी बोलायला शिकवलेली माणसं नेमली, किटची खोकी गाडीतून उतरू लागली. जुन्या खोल्यांचं छत गळत होतं आणि इथं फरशीत तोंड दिसत होतं. मोठ्या सिस्टर, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डातल्या मुख्य परिचारिका, त्या फटकळच. त्या म्हणाल्या, "कानामागून आली आणि तिखट झाली!" पण आत्यानं त्यांना गप्प केलं. ती म्हणाली, "होऊ दे तिखट. दहा वर्षं आधी आली असती तर माझा भाऊ दिसला असता."

आणि काचेच्या दारामागे जे घडलं ते काही खोटं नव्हतं. बायका घाबरत यायच्या, त्यांना समजावलं जायचं, रक्त तपासलं जायचं. ज्यांना लागण असे त्यांना गोळ्या सुरू व्हायच्या, आणि त्यांची मुलं रोगाशिवाय जन्माला यायची. जी माणसं चार महिन्यांत जायची ती आता वर्षानुवर्षं कामावर जायला लागली. आत्यानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. या कार्यक्रमाविरुद्ध कोणी बोललं की तिला राग यायचा.

कार्यक्रमाच्या अधिकाऱ्याला सगळे प्रोग्रामसाहेब म्हणत. माणूस कामाचा. सकाळी सगळ्यांच्या आधी येणार, शेवटी जाणार. त्याला वरून दर महिन्याला एक तक्ता भरून मागायचे: किती गरोदर बायका आल्या, किती जणींची एचआयव्ही तपासणी झाली, किती राहिल्या. राहिलेल्यांच्या रकान्यात शून्य यावं म्हणून तो जिवाचं रान करायचा.

भिंगवाले डॉक्टर निवृत्त झाले त्या दिवशी चहा झाला, भाषणं झाली. निघताना त्यांनी आत्याला बाजूला घेतलं.

"माझ्या जागी कोणी येत नाहीये," ते म्हणाले. "नऊ नंबरमध्ये समुपदेशनाची खोली होणार."

"चांगलंच आहे की, डॉक्टर."

"वाईट कोण म्हणतंय? पण एक ऐकून ठेव. एचआयव्हीची भीती बसली तेव्हा लोक सावध झाले. त्या धाकानं गरमीही हटली, परम्यासारखे बाकीचे गुप्तरोगही हटले. आता औषधं आली, लोक जगायला लागले. भीती ओसरली की सावधपणाही ओसरतो. मग हे जुने रोग परत येतील, आणि तेव्हा त्यांच्याकडे बघायला कोणी नसेल. अगं, एकाच रस्त्यानं दोन चोर येतात, आणि आपण पहारेकरी ठेवलाय एकासाठी."

आत्याला वाटलं, म्हातारा माणूस, खोली गेल्याचं वाईट वाटतंय. ती फक्त हसली.

पुढची काही वर्षं गरमीची तपासणी रडतखडत चालली. कार्यक्रमाची किट वेळेवर यायची, ती काळसर औषधाची बाटली मात्र दवाखान्याच्या सर्वसाधारण भांडारातून यायची, आणि भांडाराला तिची आठवण करून द्यावी लागायची. आत्या अर्ज लिहायची. आधी महिन्यानं बाटली यायची, मग तीन महिन्यांनी. शेवटी एकदा बाटली संपली ती संपलीच. आत्यानं चार अर्ज केले. भांडारवाला म्हणाला, मागणी वर पाठवली आहे. वरचे म्हणाले, खरेदी व्हायची आहे.

ती प्रोग्रामसाहेबांकडे गेली.

"साहेब, गरोदर बायकांची गरमीची तपासणी बंद पडलीय. तुमच्या सामानातून ती बाटली मागवता येईल का?"

त्यानं खुर्ची ओढून तिला बसायला सांगितलं. "आत्या, मला मान्य आहे. पण माझं सामान एचआयव्हीचं. त्यातून दुसऱ्या रोगाचं काही घेतलं तर उद्या माझ्याकडेच बोट. मला वरून विचारतात ते एचआयव्हीचं. बाकीचं कुणी विचारतच नाही हो."

"रक्त तर तेच असतं. तीच बाई, तीच सुई, तीच बाटली. आम्ही उरलेलं ओतून देतो."

"कळतं मला," तो म्हणाला. त्याला खरंच कळत होतं. पण टेबलावर तक्ता पडला होता आणि महिनाअखेर होती.

काही दिवस आत्या रजिस्टरमध्ये गरमीच्या रकान्यात ‘केली नाही’ असं लिहीत राहिली. मग छापील रजिस्टर नवीन आलं. त्यात तो रकानाच नव्हता. ‘केली नाही’ लिहायचेही कष्ट वाचले. पहिला आठवडा तिला ते टोचलं. दुसऱ्या आठवड्यात कमी टोचलं. माणूस कशालाही सरावतो.

मधल्या काळात चिमी मोठी झाली, शिकली, शाळेत शिकवायला लागली. तिनं स्वतःच मुलगा पसंत केला. तो उंच इमारतींत लिफ्ट बसवायचा. आज या शहरात, पुढचे दोन महिने त्या शहरात. बोलायला मोकळा, हात कामाचे. आल्या दिवशी त्यानं आत्याच्या घरातला करकरणारा दरवाजा न सांगता दुरुस्त केला, आणि आत्याला तो पसंत पडला. तिनं अट एकच घातली: लग्नाआधी दोघांनी एचआयव्हीची तपासणी करायची.

चिमी चिडली. "आत्या, काय हे? त्याला काय वाटेल?"

"तुझ्या आईबापांना मी हातांनी पोचवलंय. त्याला काय वाटायचं ते वाटू दे."

पण त्याला काहीच वाटलं नाही. उलट तो लगेच तयार झाला. काचेच्या दारामागे येऊन बसला, बाही वर केली. रिपोर्ट हातात पडल्यावर त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की आत्याला हसू आलं.

"आत्या, म्हणजे मी क्लिअर ना?"

"अगदी क्लिअर," आत्या म्हणाली.

लग्नानंतर दोन वर्षांनी चिमीला दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात तिचं रक्त आत्यानंच काढलं. तीच ती खोली, बाहेर तोच बाक. "आत्या, भूक लागली," असं चिमी मुद्दाम म्हणाली आणि दोघी हसल्या. एचआयव्ही निगेटिव्ह. रक्तगट, साखर, सगळं व्यवस्थित. बाटलीत निम्मं रक्त उरलं होतं.

ती बाटली हातात घेऊन आत्या थोडा वेळ उभी राहिली. गरमीची तपासणी बंद पडून तेव्हा सात महिने झाले होते. दवाखान्यात होत नव्हती, पण बाजारातल्या खासगी प्रयोगशाळेत होत होती. पायी दहा मिनिटांचा रस्ता. पण तिथला माणूस ओळखीचा. त्याला काय सांगायचं? घरच्या मुलीची ही तपासणी करून दे म्हणून? आणि चिमीला कळलं तर? जावयाच्या कानावर गेलं तर? दारं दुरुस्त करणारा, बायकोला तळहातावर जपणारा माणूस. त्याच्यावर कसला संशय घ्यायचा? शिवाय एचआयव्ही निगेटिव्ह होताच की दोघांचा.

आत्यानं बाटली नेहमीच्या, फेकायच्या बाटल्यांच्या डब्यात टाकली.

सातवा संपता संपता एका सकाळी चिमीला जाणवलं की बाळ हलत नाहीये. दुपारपर्यंत वाट पाहून ती दवाखान्यात आली. ठोके लागले नाहीत. कळा आणवल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली, मेलेली. डॉक्टरीण तरुण होती, थकलेली होती. ती म्हणाली, "कधी कधी होतं असं. कारण सापडत नाही. पुढच्या वेळी सगळं नीट होईल."

मोठ्या सिस्टरांनी मात्र आत्याला हळूच मागच्या खोलीत नेलं. ट्रेमध्ये बाळामागून पडलेली वार ठेवली होती.

"बघ," त्या म्हणाल्या. "मला ही बरी वाटत नाही."

वार बाळाच्या मानानं फार मोठी होती. जड, फिकट, पाण्यानं फुगल्यासारखी. आत्यानं तसली वार पूर्वी दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा भिंगवाल्या डॉक्टरांनी बोलावून दाखवली म्हणून. ते म्हणाले होते, "मेलेल्या बाळाची कातडी कशानंही सुटते, तिच्यावरून काही ठरवू नकोस. वार बघ. आणि आईचं रक्त बघ."

आत्यानं ट्रेवर कापड ओढलं. सिस्टरांनी तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही.

संध्याकाळी चिमीचं रक्त काढायला ती स्वतः गेली. चिमी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं कशासाठी म्हणून विचारलंही नाही, नुसता हात पुढे केला. आत्या ती बाटली रुमालात गुंडाळून बाजारातल्या प्रयोगशाळेत गेली. आता तिला त्या माणसाची लाज वाटली नाही. कार्ड फिरून होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि कार्ड तिनं स्वतः उजेडाशी धरलं. भिंग लागलं नाही. काळे कण आंधळ्यालाही दिसले असते. रक्त पाणी घालून पातळ करत नेलं तरी कण जमतच राहिले.

ती तिथून भिंगवाल्या डॉक्टरांच्या घरी गेली. ते फार थकले होते, ऐकायला कमी येत होतं, दोन वाक्यं मोठ्यानं सांगावी लागली. ‘मी म्हणालो होतो’ असं त्यांनी म्हणावं, अशी आत्याची जवळजवळ इच्छा होती. त्यांनी तसं म्हटलं नाही. एका कागदावर इंजेक्शनचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "दोघांनाही. आठवड्याला एक, तीन आठवडे. आणि त्यांना तू सांग. दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस."

चार दिवसांनी चिमी घरी आली. आत्यानं जावयाला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि सांगितलं. तिनं आयुष्यभर अनोळखी माणसांना वाईट रिपोर्ट सांगितले होते. हा सांगताना तिला शब्द जुळवता येईनात.

त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?" तो उठला, बाहेर गेला, आणि प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद घेऊन आला. कागद त्यानं ओट्यावर ठेवला. "हा रिपोर्ट. तुमच्या खोलीतला. ही खाली तुमची सही. मी विचारलं होतं तुम्हाला, मी क्लिअर ना? तुम्ही काय म्हणालात?"

आत्यानं खालची सही पाहिली.

"काय म्हणालात?"

"अगदी क्लिअर, म्हणाले."

तो खुर्चीत बसला. खाली बघून बोलायला लागला. लग्नाच्या वर्षभर आधी, दुसऱ्या शहरात कामाला असताना, एकदाच तो कुठेतरी गेला होता. नंतर एक जखम झाली होती. दुखली नाही, तीन आठवड्यांत गेली. पण मनात एचआयव्हीची धास्ती बसली. भिंतीभिंतीवर तेच लिहिलेलं, रेडिओवर तेच. तपासायला जायची हिंमत होत नव्हती. म्हणून आत्यानं अट घातली तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं.

"निगेटिव्ह आलं, तेव्हा वाटलं, देवानं एकदा सोडलं. मी कानाला खडा लावला, आत्या. त्यानंतर कुठे गेलो नाही. शपथ घेऊन सांगतो. दुसरा काही रोग असतो, हे मला कुणी बोललंच नाही. तुमच्या त्या बाईंनी अर्धा तास समजावलं, पण एचआयव्हीबद्दलच."

दार उघडलं. चिमी चौकटीला धरून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. नवऱ्याकडे तिनं बघितलंही नाही.

"आत्या, ही टेस्ट असते, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग माझी का नाही केलीस?"

"दवाखान्यात सामान नव्हतं ग. मी अर्ज..."

"बाहेर होत होती?"

आत्याला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

"मग?"

"मला वाटलं... घरच्या मुलीवर कसा संशय घ्यायचा."

चिमी म्हणाली, "घ्यायला हवा होतास." आणि आत जाऊन पडली.

इंजेक्शनही सरळ मिळालं नाही. भांडारात नव्हतं, कारण तपासणीच होत नव्हती तर औषधाला मागणी कुठून येणार? बाजारात विचारलं, तिथेही नाही. शेवटी जावयानं दोन गावं पालथी घालून सहा डोस आणले. आत्यानंच ते दिले. दुखणारं इंजेक्शन ते. कितीही हलका हात असला तरी दुखतंच. चिमीनं तिन्ही वेळा हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या आठवड्यात इंजेक्शन झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही आता येऊ नका रोज. मी करते माझं."

तुम्ही. जन्मापासून जिला अगंतुगं केलं, तिला. आत्या सुया आवरून निघाली.

त्यानंतर तिनं एक काम हाती घेतलं, जे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दुपारची गर्दी ओसरली की ती मोठ्या सिस्टरांकडे जाऊन प्रसूतीचं रजिस्टर घेऊन बसायची. तपासणी बंद पडल्यापासून चौदा महिने झाले होते. त्या काळात मेलेली जन्मलेली बाळं एकतीस. सगळ्यांच्या आया एचआयव्ही निगेटिव्ह. सिस्टरांना सवय होती, बाजूच्या कोपऱ्यात चार शब्द खरडून ठेवायची. नऊ नावांपुढे त्यांनी लिहिलं होतं: ‘वार मोठी, फिकट.’ दहावी चिमी.

ती यादी घेऊन आत्या प्रोग्रामसाहेबांसमोर बसली. त्यानं यादी दोनदा वाचली. त्या महिन्यात त्याच्या कार्यक्रमाला जिल्ह्यातला सगळ्यात चांगला म्हणून बक्षीस मिळालं होतं. फ्रेम अजून भिंतीवर लावायची होती, टेबलाला टेकून उभी होती.

"आत्या, हे नऊ गरमीचेच कशावरून?"

"कशावरून सांगू, साहेब? तपासलंच नाही ना."

त्यानं यादी स्वतःकडे ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानं वर पत्र पाठवलं, त्याला आत्याची यादी जोडली. मग आणखी एक पाठवलं. मग स्वतः जाऊन आला. आत्याला वाटत होतं तसा तो दगड नव्हता. त्याला विचारायला कुणीतरी लागत होतं, इतकंच.

त्या नऊजणींना शोधायला आत्या रविवारी बाहेर पडायची. पाच पत्ते लागलेच नाहीत, बायका राहती जागा सोडून गेल्या होत्या. एकीनं दार उघडलं, विषय ऐकला आणि तोंडावर दार लावलं. एकीचा नवरा ओसरीवर बसला होता. त्याच्या देखत आत्याला काही बोलता आलं नाही, ती पाणी पिऊन परतली. दोघी तिच्याबरोबर बाजारातल्या प्रयोगशाळेत तपासणीला आल्या. दोघींच्याही कार्डावर कण होते. त्यातली एक पुन्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिला वेळेत इंजेक्शन मिळालं आणि तिचं मूल वाचलं. आत्याच्या सगळ्या रविवारांचं फळ तेवढं.

एका थेंबात दोन्ही रोग दाखवणाऱ्या पट्ट्या आल्या त्या आणखी वर्षा-दीड वर्षानं. काचेच्या दारामागेच आल्या, कार्यक्रमाच्याच गाडीतून. ना तबकडी, ना आठ मिनिटं बघत बसणं. पंधरा मिनिटांत आपोआप रेघा उमटायच्या. नव्या रजिस्टरात रकानाही आला. पहिल्या महिन्यात त्या रकान्यात अकरा बायका सापडल्या. प्रोग्रामसाहेबांनी आत्याला बोलावून आकडा दाखवला. गेल्या तीन वर्षांत अशा किती अकरा येऊन गेल्या असतील, ते त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. आत्या निवृत्त व्हायला तेव्हा चारच महिने उरले होते.

चिमी आणि तिचा नवरा त्याआधीच दुसऱ्या शहरात राहायला गेले होते. त्यांचं मोडलं नाही. जावई महिन्यातून एकदा फोन करायचा, तब्येत विचारायचा, घरात काही दुरुस्ती आहे का विचारायचा. चिमी क्वचित बोलायची. भांडण असं कधी झालंच नाही, त्यामुळे ते मिटवायचं कसं, हे आत्याला कळत नव्हतं.

निवृत्तीनंतर पुढच्या वर्षी एका दुपारी चिमीचा फोन आला. "मुलगा झालाय," ती म्हणाली. "तब्येत चांगली आहे त्याची. सगळ्या तपासण्या केल्या होत्या."

"येऊ का बघायला?" आत्यानं विचारलं.

पलीकडे बाळ रडायला लागलं.

"थोडा मोठा होऊ द्या," चिमी म्हणाली. "तुम्ही तब्येतीला जपा."

पोरगा आता धरून धरून चालतो, असं जावयानं मागच्या महिन्यात सांगितलं.